थांबणारी पेन्सिल

ताई, मी साक्री तालुक्यातली, जिल्हा धुळे. पांझरेच्या काठावरच्या फड बागायतीवर पीएचडी करतेय. वय ३१, सासरी राहते, आठवड्यातले तीन दिवस कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते, उरलेल्या दिवसांत जमेल तसं बंधाऱ्यांवर फिरते. टायपिंग येत नाही म्हटलं तरी चालेल. एका बोटानं, मिनिटाला दहा-बारा शब्द. म्हणून दोन वर्षांपासून नोंदी फोनला बोलून लिहिते. कीबोर्डवरचा माइक दाबायचा आणि बोलत सुटायचं. अशा १४० नोंदी झाल्यात. बोलताना एवढं सुचायचं की वाटायचं, प्रबंध झालाच. आता दुसरं प्रकरण लिहायला बसले तर त्या नोंदींत हाताला काही लागत नाही. सरांना वीस पानं दाखवली. ते म्हणाले, "हे बोललेलं आहे, लिहिलेलं नाही." नवरा म्हणतो, टायपिंगचा क्लास लाव. मैत्रीण म्हणते, आता कोण टाइप करत बसतं, बोलून बोलूनच सगळं होणार. टाइप करताना माणूस खरंच जास्त विचार करतो का? मग बोलताना जे सुचत होतं, ते काय होतं? हे पत्र मुद्दाम टाइप केलंय, दोन रात्री लागल्या. सोबत एक नोंद जशीच्या तशी पाठवतेय.
– गोंधळलेली, साक्री

ताई म्हणालीस, तेव्हा एकेरीवर येते.

दोन रात्री खपून लिहिलेलं तुझं पत्र आणि दोन मिनिटांत बोललेली तुझी नोंद, दोन्हींचे प्रिंट काढून मी टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. पत्रात तू कोण, काय करतेस, कुठे अडलीस हे ओळीनं आलंय. जागेसाठी मला त्यातलं थोडं कापावं लागलं, तेही कापवेना. आणि नोंद ही अशी:

"आज पत्रकारी भेटले म्हणजे खूप छान बोलले ते म्हणाले की फळावर आता पहिल्यासारखं राहिलं नाही म्हणजे पाणी आहे पण माणसं नाहीत आणि मला वाटतं हे खूप महत्त्वाचं आहे हे नंतर बघायचं म्हणजे फळाचा जो नियम आहे तो आणि ते म्हणून वावर असं म्हणाले ते तर भारीच होतं"

यातले 'पत्रकारी' म्हणजे पाटकरी, हे उमगायला मला अर्धा कप चहा लागला. 'फळ' म्हणजे फड हे त्यानंतर आपोआप कळलं. (बाकीच्या वाचकांसाठी: पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर जागोजागी बंधारे बांधून, त्याखालच्या जमिनीचे मोठमोठे फड पाडून, एका फडात सगळ्यांनी मिळून एकच पीक घ्यायचं आणि पाणी पाटकऱ्यानं वाटायचं, अशी ही तीन-चारशे वर्षांची व्यवस्था आहे. आपापल्या शेतापुरतं पाणी बघायची सोय त्यात नाही.) 'म्हणून वावर' मात्र सुटेना. मग तो मजकूर मोठ्यानं वाचला, आणि माझ्या नाशिकच्या मावशीचा आवाज कानात आला. 'मन्हं वावर'! माझं शेत. अहिराणीतलं 'मन्हं' फोनला माहीत नाही. त्यानं त्यातल्या त्यात जवळचा, नेहमीच्या वापरातला शब्द उचलला आणि 'म्हणून' लिहून मोकळा झाला.

मला वाटतं तुझ्या सगळ्या दुखण्याचं मूळ या एका शब्दात आहे, म्हणून इथे जरा थांबते.

टाइप करताना तू चुकलीस तर चूक चुकीसारखी दिसते. पत्रात तू एका जागी 'पाटकीर' लिहिलंयस. डोळ्याला लगेच खुपतं, आणि काय म्हणायचं होतं तेही कळतं. फोन चुकतो तेव्हा शुद्ध लिहितो. 'म्हणून' हा शब्द शुद्धलेखनाच्या कुठल्याही बाईंच्या तपासणीतून पार होईल. नजर त्यावरून घसरत जाते आणि चार महिन्यांनी तुलाच कळत नाही की इथे एका म्हाताऱ्यानं स्वतःच्या भाषेत, छातीवर हात ठेवून, 'माझं शेत' म्हटलं होतं. फड पद्धतीत 'माझं' हा शब्द किती अवघड असतो हे तू मला सांगायला हवंस. तुझा तर तो विषयच आहे. आणि नेमका तोच शब्द गेला. ही यंत्रं कानावर पडलेल्या आवाजाला सर्वांत संभवणारा शब्द शोधत असतात. जो शब्द सगळे वापरतात तो त्यांना आधी सापडतो. तुझं संशोधन जे शब्द थोडेच लोक वापरतात त्यांच्यावर उभं आहे. फड, पाटकरी, जागल्या, थळ. हे सगळे शब्द दोन वर्षं अशा गाळणीतून जातायत की जिच्यात तेच आधी अडकतात.

गंमत म्हणजे अहिराणीत ळचा य होतो, डोळ्याचा डोया होतो. म्हणजे तुझ्या नोंदीत दोनदा आलेलं 'फळ' त्या पाटकऱ्याच्या तोंडून तसं निघालंच नसतं.

आता तुझ्या प्रश्नाकडे. टाइप करताना माणूस जास्त विचार करतो का?

मी तुला माझं सांगते. या सदरात शिरण्याआधी मी एकोणीस वर्षं एका कार्यालयात लघुलेखक होते. शंभरच्या वेगाची लघुलेखनाची परीक्षा, चाळीसची टंकलेखनाची. साहेब बोलायचे, मी वहीत रेघोट्या मारायचे, मग यंत्रावर बसून मसुदा काढायचा. दोन ओळींत भरपूर जागा सोडून, कारण त्यावर लाल शाईचा पाऊस पडणार हे ठरलेलं. तर टाइप करताना मी काय विचार करायचे? शेपू घ्यायचा की मेथी. सव्वापाचची गाडी मिळेल का. हात चालायचे, कागद भरायचा, आणि मी काय टाइप केलं हे संध्याकाळी विचारलंस तर सांगता आलं नसतं. तेव्हा बोटं हलली की डोकं हलतं, या समजुतीवर माझा काडीचा विश्वास नाही.

पण त्याच खोलीत मी दुसरंही काही पाहिलं. आमचे एक साहेब होते, उत्तम मसुदे सांगायचे. खिडकीशी उभे राहून, पाठ माझ्याकडे. आम्हाला वाटायचं त्यांना सगळं तोंडपाठ आहे. एकदा मी रजेवर होते म्हणून त्यांना टेपरेकॉर्डर दिला. दुसऱ्या दिवशी ऐकते तर काय, सगळं पाल्हाळ. तीच गोष्ट तीन वेळा. मी विचारायचं धाडस केलं तर म्हणाले, "तुमची पेन्सिल थांबली की मला मागे कळतं, वाक्य बिघडलं. यंत्र थांबतच नाही हो."

मला तोवर माहीतही नव्हतं की माझी पेन्सिल थांबते.

बोलताना तुला जे सुचत होतं ते खोटं नव्हतं गं. बोलणं हे कोणालातरी असतं. समोर ऐकणारं माणूस असलं की त्याच्या भुवया, त्याचं 'हं', त्याचं घड्याळाकडे बघणं, यावर आपलं वाक्य घडत जातं. व्यास आणि गणपतीची गोष्ट मी सांगत नाही, ती शाळेतल्या पोरालाही येते. पण त्यातली गणपतीला घातलेली अट आठव. अर्थ समजल्याशिवाय अक्षर उतरवायचं नाही. आणि ते नेवासं आठव. तिथे १२९० साली ज्ञानेश्वरीची ओवी ज्ञानेश्वरांनी सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली. समोर श्रोते, शेजारी थोरला भाऊ, तोच गुरू. ज्ञानेश्वर त्या श्रोत्यांशी बोलतात, त्यांच्याकडे लक्ष मागतात, जास्त झालं तर क्षमा मागतात. ऐकणारा वजा केला तर ते बोलणं तसं झालंच नसतं.

तू बोलत होतीस, आणि समोर होता एक फोन. त्याला कसलीच अट नाही.

त्यात आणखी एक गोची आहे, जी बहुधा तुझ्याही लक्षात आली असेल. कीबोर्डवरच्या माइकपाशी आपण थांबलो, विचार करायला दोन श्वास घेतले, की तो बऱ्याचदा बंद होतो. मग पुन्हा दाबा. दोन-चारदा असं झालं की माणूस न थांबता बोलायला शिकतो. 'म्हणजे', 'आणि ते जे आहे', 'खूप महत्त्वाचं' ही भर आपण गप्प बसू नये म्हणून घालतो. तुझ्या सहा ओळींच्या नोंदीत 'म्हणजे' तीनदा आलंय. विचाराला सर्वांत जास्त गरज असते ती थांबण्याची, आणि इथे थांबलं की तोंडावर दार आपटतं! रेकॉर्डरवर तसं होत नाही. फोनमधला साधा आवाज रेकॉर्ड करणारा अॅप तू गप्प बसलीस तरी चालू राहतो. तुझी शांतताही त्यात येते, मागचं पाटाचं पाणीही येतं, आणि 'हे महत्त्वाचं आहे' म्हणताना तुझा आवाज कुठे चढला तेही. तू दोन वर्षं ज्याला 'व्हॉइस नोट' समजतेस त्यात आवाज उरलेलाच नाही. आवाज फेकून देऊन त्याचं टरफल ठेवलंयस.

'हे', 'ते', 'तो नियम' या शब्दांकडेही बघ. बोलताना 'हे' म्हटलं की हात त्या दिशेला जातो. बंधाऱ्यावर उभी असताना 'हे' म्हणजे काय ते तुला दिसत होतं. कागदावर 'हे' पोरकं होतं. टाइप करताना, तेही एका बोटानं, माणूस 'हे' लिहून थांबतो, वर बघतो, आणि चिडून का होईना, नाव लिहितो. कारण वर बघायला ओळ असते. मला विचारशील तर टायपिंगचा खरा फायदा एवढाच: आपण लिहिता लिहिता आपलेच वाचक होतो. माझ्या पेन्सिलीचं काम तिथे डोळे करतात. तुझं पत्र चांगलं उतरलं ते यामुळे. दोन रात्री तू लिहीत होतीस त्याहून जास्त वाचत होतीस.

मंद हाताचाही एक गुण आहे. तोंड मिनिटाला शंभरावर शब्द बोलतं, तुझं बोट बारा लिहितं. तेव्हा बाकीच्या शब्दांचं काय करायचं हे बोटाला ठरवावंच लागतं. निवड करावी लागते. २०१४ साली पॅम म्यूलर आणि डॅनियल ओपनहायमर या दोन अमेरिकी संशोधकांनी विद्यार्थ्यांना व्याख्यानं दाखवून टिपणं घ्यायला लावली, काहींना लॅपटॉपवर, काहींना हातानं. लॅपटॉपवाल्यांनी शब्द जास्त लिहिले, वक्त्याची वाक्यंच्या वाक्यं उतरवली, आणि समजुतीच्या प्रश्नांत मागे पडले. शब्दशः उतरवू नका असं बजावलं तरी त्यांचा हात राहिला नाही. २०१९ साली दुसऱ्या संशोधकांनी तोच प्रयोग पुन्हा केला तेव्हा फरक इतका ठळक निघाला नाही, तेव्हा 'हातानं लिहा, बुद्धिमान व्हा' असले फॉरवर्ड आले तर पुढे पाठवू नकोस. पण त्या प्रयोगात खलनायक कोण होता पाहिलंस का? कीबोर्ड. तिथे वेगवान तो होता. तुझ्या गोष्टीत वेगवान माइक आहे आणि कीबोर्ड गरीब गाय. नवऱ्याला हे जरूर वाचून दाखव. टायपिंग शिकून तू चाळीसच्या वेगाला पोचलीस तर कदाचित हीच तक्रार दुसऱ्या पत्रात लिहिशील.

बोलून लिहिण्याचा मी तिरस्कार करते असं समजू नकोस. तीन वर्षांपूर्वी माझ्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी असं काही दुखायला लागलं की कुकरचं झाकण उघडता येईना. डॉक्टरांनी सहा आठवडे पट्टा घातला. हे सदर मी त्या काळात फोनला सांगून लिहिलं. संपादक भला माणूस, एवढंच म्हणाले, "ताई, या वेळी जरा लांबलंय." जरा कसलं, नऊशेचे चौदाशे शब्द झाले होते. वाचून पाहिलं तर प्रत्येक वाक्याच्या शेपटीला 'ना'. एकच सल्ला तीन कपड्यांत तीनदा. पण त्याच सहा आठवड्यांत एका बाईंचं पत्र आलं, मुलगा गेला होता. तिला उत्तर मी बोलून लिहिलं आणि ते माझ्या हातून आलेल्या बऱ्या उत्तरांपैकी आहे. टाइप करत असते तर मी वाक्यं घासूनपुसून त्यातला ओलावा घालवला असता. तिला मी दिसत नव्हते, पण मला ती दिसत होती. मी फोनला बोललेच नाही, तिला बोलले.

तर आता काय करायचं.

आधी त्या १४० नोंदी. सरासरी दोन मिनिटांच्या म्हटल्या तरी पावणेपाच तासांचं बोलणं. त्या सगळ्या दुरुस्त करत बसू नकोस. जीव जाईल आणि हाती 'म्हणजे' लागेल. एका वहीत तारीख, बंधारा आणि कोण भेटलं एवढीच यादी कर. ज्या नोंदीशी येऊन पोटात काहीतरी हललं, तिथे खूण. मला वाटतं वीस-पंचवीस निघतील. तेवढ्याच माणसांकडे परत जा. तुझे पाटकरी अजून आहेत ना? 'त्या दिवशी तुम्ही म्हणालात ते पुन्हा सांगता का' असं विचारायला लाजू नकोस. म्हाताऱ्या माणसांना पुन्हा सांगायला आवडतं, आणि दुसऱ्यांदा सांगताना ती मागच्या वेळी झाकलेलं एखादं बोट उघडतात.

यापुढे बंधाऱ्यावर कीबोर्डचा माइक दाबायचा नाही. रेकॉर्डर लाव. समोरच्याचं बोलणं घ्यायचं असेल तर आधी त्याला विचार, हे तुला सरांनी सांगितलं असेलच. आणि तुझ्या स्वतःच्या नोंदी बोलताना त्या फोनला बोलू नकोस, कोणालातरी बोल. नोंदीची सुरुवातच नावानं कर. "सर, आज काय झालं माहितेय का" किंवा तुझ्या त्या कीबोर्ड बुडवायला निघालेल्या मैत्रिणीचं नाव घे. सर समोर आहेत असं धरलं की 'ते जे आहे ते' तोंडातच अडकेल, कारण सर विचारतील, 'ते म्हणजे काय?' चार-पाच मिनिटांच्या वर बोलू नकोस. एक जपायचं: पाण्याच्या भांडणात कोणाचं नाव निघालं ते गावातल्या टपरीपाशी उभं राहून मोठ्यानं सांगू नकोस, आणि एसटीत तर मुळीच नाही. तिथे टाइप कर. एका बोटाची ही एक सोय आहे, ती ऐकू जात नाही.

मग त्याच रात्री, दुसऱ्या दिवशी नाही, ती नोंद एकदा ऐकायची आणि फोन बाजूला ठेवून टाइप करायचं. ऐकत ऐकत टाइप केलंस तर तू माझ्यासारखी स्टेनो होशील आणि शेपू-मेथीचा विचार करशील. ऐक, बंद कर, मग जे उरलं ते लिही. दहा ओळी पुरेत. बारा शब्दांच्या वेगानं दहा ओळींना दहाएक मिनिटं लागतात. अहिराणी शब्द मात्र फोनकडे परत जाऊन, कान लावून, अक्षर अक्षर टाइप करायचे, तसेच्या तसे. तुझ्या सासरी रात्री एकटीनं बोलत बसायची सोय नसेल, पत्रात नाही लिहिलंस पण मला अंदाज आहे. सासूबाई आतून विचारणार, 'कुनशी बोली राह्यनी?' म्हणून बोलणं बंधाऱ्यावर आणि टाइप करणं घरात, अशी वाटणी तुला तशीही सोयीची पडेल.

क्लासचं म्हणशील तर तीसच्या परीक्षेला बसायची तुला गरज नाही. पण कीबोर्ड कुठला हे महत्त्वाचं आहे. रोमन अक्षरांत 'paani'सारखं लिहून मराठी करणारी जी सोय आहे, ती सुद्धा अंदाजच बांधते. 'पानी' लिहायचं असलं तरी 'पाणी' पुढे करते. तू इनस्क्रिप्ट शीक. १९८६ पासूनची सरकारी मांडणी, बहुतेक संगणकांत आणि काही फोनांत फुकट असते. मात्रा बहुतेक डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला, त्यामुळे दोन्ही हात आळीपाळीनं चालतात. आमच्या जुन्या टंकयंत्रावर ऱ्हस्व वेलांटी आधी मारावी लागायची आणि मग अक्षर, कारण कागदावर ती आधी दिसते. इनस्क्रिप्टमध्ये अक्षर आधी, वेलांटी मागून, आपण उच्चारतो तसं. मला ही सवय मोडायला सहा महिने लागले, तुझी पाटी कोरी आहे. रोज वीस मिनिटं दिलीस तर दिवाळीपर्यंत कीबोर्डकडे न बघता लिहिशील. आणि ती मांडणी तुला कधीही सुधारत नाही. तू 'मन्हं' लिहिलंस तर 'मन्हं'च राहतं.

फडांचे नकाशे बोलूनही होणार नाहीत आणि टाइप करूनही. त्यासाठी चौकटीची वही आणि शिसपेन्सिल. पाट कुठून निघाला, यंदा उसाचा फड कोणता, पुढच्या वर्षी तो कुठे सरकणार. हे तू काढत असशीलच. नसशील तर आजपासून.

आता प्रकरण. तुला वाटतंय नोंदी जोडल्या की प्रकरण होतं. नाही होत. पण तुला बोलताना सुचतं हे जर खरं असेल, आणि ते खरं आहे, तर ते वाया का घालवायचं? प्रकरण लिहायला बसण्याआधी ते एकदा कोणालातरी सांग. माणसाला. शक्यतो ज्याला फड म्हणजे काय हे माहीत नाही अशा माणसाला. नवऱ्याला अर्धा तास बसव. तो क्लासचे सल्ले देतोय, तेव्हा एवढं तर त्याच्याकडे लागतं. त्यानं लिहून घ्यायचं नाही, रेकॉर्ड करायचं नाही, फक्त ऐकायचं, आणि कंटाळा आला की स्पष्ट कंटाळायचं. तो कुठे कंटाळला, कुठे 'थांब, मग पाणी कोणाला मिळालं?' असं मधेच विचारलं, ते डोक्यात ठेवायचं. मग उठून टाइप कर. तुझे सर म्हणाले 'बोललेलं आहे', ते मला अर्धंच पटलं. ते बोललेलंही नव्हतं, कारण ऐकलं कोणी नव्हतं.

मैत्रिणीला माझा नमस्कार सांग. कीबोर्ड जाणार हे मी बरीच वर्षं ऐकतेय; टंकयंत्र जाणार हेही ऐकलं होतं, आणि ते खरंच गेलं. तेव्हा तिचं खरं होईलही. माझं भांडण फक्त थांबण्यासाठी आहे. उद्या एखादा फोन निघाला की जो 'महत्त्वाचं म्हणजे काय?' असं मधेच विचारतो, तर मी पहिल्या रांगेत उभी राहून तो घेईन.

सध्या माझं तुझ्याकडे एकच काम आहे. तो पाटकरी 'मन्हं वावर' कशाबद्दल बोलत म्हणाला होता, त्याच्याआधी काय होतं आणि नंतर काय, हे मला कुठेच सापडलेलं नाही, कारण तुझ्या नोंदीत ते नाहीच. पुढच्या आठवड्यात त्याच्याकडे जा, आणि ते आख्खं वाक्य त्याच्या शब्दांत, एका बोटानं, टाइप करून मला पाठव.